ताकदीच्या पुडीत शिसं असू शकतं: मावळ-लोणावळ्याच्या पुरुषांना तातडीचं आवाहन

मावळातल्या आणि लोणावळा-खंडाळ्यातल्या दादांनो, भावांनो, आणि त्यांच्या घरच्या बायामाणसांनो,

तुमच्या कपाटात, बॅगेच्या आतल्या कप्प्यात किंवा टेम्पोच्या सीटखाली लेबल नसलेली ‘ताकदीची’ पुडी असेल, तर आजपासून तिचा एकही डोस घेऊ नका. ती फेकूनही देऊ नका. घट्ट बंद करा, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा आणि दवाखान्यात नेऊन डॉक्टरांसमोर ठेवा. या पत्रातलं पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं मात्र करा.

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, आणि चैत्र उजाडला की गावोगावच्या जत्रा. या दोन्ही हंगामांत ताकदीच्या औषधांचा धंदा जोरात चालतो. हायवेच्या कडेला तंबू पडतो. बाहेर काचेच्या बरण्यांत मुळ्या, शिलाजिताचे काळे खडे, खलबत्ता, आणि ‘सात पिढ्यांचे खानदानी वैद्य’ असा फलक. लग्न ठरलेला पोरगा मित्राला बाहेर उभा करून आत जातो. पन्नाशीचा, साखर असलेला गृहस्थ अंधार पडल्यावर जातो. आतला माणूस डोळ्यांदेखत दोन-चार डब्यांतली पूड एकत्र करतो, चाळीस दिवसांच्या पुड्या बांधतो आणि हजारांत पैसे घेतो. पावती नाही, नाव नाही, पत्ता नाही. पुढच्या महिन्यात तंबूही नाही.

त्या डब्यांत काय होतं, हा प्रश्न त्या पोरानं विचारलेला नसतो, कारण तिथे गेल्याचंच त्याला लपवायचं असतं. तो प्रश्न आता आपण सगळ्यांनी मिळून विचारूया.

एकाच बटव्यातले दोन धातू

आपल्या जुन्या रसशास्त्रात धातूंची भस्मं आहेत. लोहभस्म, ताम्रभस्म, वंगभस्म ही नावं घरातल्या म्हाताऱ्यांनी ऐकलेली असतात. त्याच यादीत दोन नावं शेजारी बसतात: यशदभस्म आणि नागभस्म. यशद म्हणजे जस्त, ज्याला डॉक्टर झिंक म्हणतात. नाग म्हणजे शिसं. दोन्ही भस्मं प्रमेहासाठी आणि शक्तीसाठी वापरात आली. आज आपल्याला या दोन धातूंबद्दल जे कळलं आहे, त्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. जस्त शरीराला रोज थोडं लागतंच. शिशाचा शरीराला काडीचा उपयोग नाही, आणि ते किती पोटात गेलं तर चालेल याची सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटनेला आजवर सापडलेली नाही.

शास्त्रात शोधन-मारणाचे, म्हणजे धातू शुद्ध करून भाजण्याचे, कडक विधी सांगितले आहेत, हे खरं. पण तंबूतल्या बरणीतल्या भस्मावर ते विधी कोणी, कधी, किती केले याची नोंद कुठे असते? घाईनं भाजलेलं शिसं पोटात गेलं, तर पोट त्याला शिसं म्हणूनच ओळखतं.

ही भीती हवेतली नाही. अमेरिकेतल्या बोस्टन परिसरातल्या दुकानांतून दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं विकत घेऊन तपासण्यात आली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १४ उत्पादनांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. त्याच संशोधकांनी पुढे इंटरनेटवर विकली जाणारी १९३ उत्पादनं तपासली. २००८ च्या त्या अहवालात सुमारे २१ टक्क्यांत हे धातू निघाले. रसौषधींत प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होतं, आणि ज्यांत धातू घातलेलाच नव्हता अशा ‘फक्त वनस्पतींच्या’ औषधांतही ते १७ टक्के होतं. म्हणून ‘हे तर निव्वळ जडीबुटी आहे’ या वाक्यावर विसंबू नका. ही सगळी पॅकबंद, नाव छापलेली उत्पादनं होती. बिननावाच्या पुडीचा हिशोब तुम्हीच करा.

आपल्या सरकारनंही हा धोका मान्य केला आहे. निर्यात होणाऱ्या वनौषधींची जड धातूंसाठी तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची झाली. मर्यादा ठरल्या: दहा लाख भागांत शिसं १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग. परदेशातल्या गिऱ्हाइकासाठी ही चाळणी लागली. वडगावच्या किंवा कामशेतच्या पोराच्या पुडीला कोणतीच चाळणी लागत नाही.

बिघाड नेमका कुठे होतो

आता थोडं सरळ बोलू. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षं ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं, खटले अंगावर घेतले, ते मराठी माणसानं या विषयावर मान खाली न घालता बोलावं म्हणून. शंभर वर्षं होत आली, आणि आपण अजून ‘गुप्तरोग’ हाच शब्द वापरतो. शब्दच गुप्त ठेवला की विकणाऱ्याचं फावतं.

पुरुषाच्या लिंगात स्पंजासारख्या ऊतीच्या दोन लांबट नळ्या असतात. एरवी तिथले बारीक स्नायू आवळलेले असतात. इच्छा जागी झाली की मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात. त्यानं स्नायू सैल पडतात, स्पंज रक्तानं भरतो, बाहेर जाणाऱ्या शिरा दाबल्या जातात आणि ताठरता येते. हा वायू शरीरात निरोप्याचं काम करतो, हे शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ चं नोबेल मिळालं. म्हणजे ज्याला आपण ‘मर्दानगी’ म्हणतो, तिची नाडी रक्तवाहिनीच्या अस्तरात आहे.

जड धातू घाव घालतात तो याच अस्तरावर. शिसं शरीरात अतिक्रियाशील ऑक्सिजनकण वाढवतं, आणि ते कण नायट्रिक ऑक्साइड पोचण्याआधीच गिळून टाकतात. शिवाय शिशानं रक्तदाब वाढतो. कॅडमियम हा जस्ताचा तोतया भाऊ. ज्या प्रथिनांत जस्तानं बसायचं, त्यांत तो घुसून बसतो आणि मूत्रपिंडात दहा-दहा, वीस-वीस वर्षं मुक्काम करतो. पारा सेलेनियमला असा घट्ट धरून बसतो की शरीराच्या कामाला ते उरत नाही. आर्सेनिक रक्तवाहिन्या खराब करतं. तैवानमध्ये वर्षानुवर्षं आर्सेनिकचं विहिरीचं पाणी प्यायलेल्या पुरुषांत ताठरतेच्या तक्रारी जास्त आढळल्या.

म्हणजे ज्या तक्रारीसाठी माणूस पुडी घेतो, तीच तक्रार ती पुडी वाढवू शकते. आणि तक्रार वाढली की तो पुन्हा तंबूत जाऊन ‘डबल पावर’ मागतो.

जस्त आणि सेलेनियम: ढाल आहे, औषध नाही

मग जस्त आणि सेलेनियम यांचं काय? हल्ली मोबाईलवर रोज कुणीतरी सांगतं की झिंकची गोळी घ्या, सगळं विष उतरतं. यात तथ्य किती आणि भर किती, ते नीट वेगळं करू.

तथ्य असं. प्रागमधले संशोधक यिर्झी पार्झिझेक यांनी १९५७ साली दाखवलं की कॅडमियम टोचलेल्या उंदरांचे वृषण नष्ट होतात, आणि जस्त दिलं तर ते वाचतात. त्याच वर्षी घोड्याच्या मूत्रपिंडातून मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन हाती लागलं. जस्त मिळालं की शरीर हे प्रथिन जास्त बनवतं, आणि ते कॅडमियमला पकडून बांधून ठेवतं. सेलेनियमवर चालणारं एक विकर ते अतिक्रियाशील कण विझवतं, जस्त-तांब्यावर चालणारं दुसरं विकरही तेच काम करतं. अलीकडच्या प्रयोगांत जड धातू पाजलेल्या उंदरांना जोडीनं जस्त आणि सेलेनियम दिल्यावर लिंगातल्या ऊतीची हानी कमी झाल्याचं दिसलं.

माणसाच्या बाबतीत जस्ताची गोष्ट सुरू होते ती बिहारमधल्या बक्सरमध्ये जन्मलेल्या डॉ. आनंद प्रसाद यांच्यापासून. १९५० च्या दशकाच्या अखेरीस इराणमधल्या शिराझला त्यांच्यासमोर विशीतले तरुण आले, दिसायला दहा वर्षांच्या पोरांसारखे. उंची खुंटलेली, दाढी-मिशी नाही, वयात आलेच नव्हते. त्यांचं खाणं म्हणजे जवळपास नुसती रोटी. धान्याच्या कोंड्यातलं फायटेट जस्ताला धरून ठेवतं, आतड्याला मिळूच देत नाही. जस्ताची उणीव पुरुषाचं पुरुषपण थांबवू शकते, हे जगाला या कामातून कळलं.

आता भर. उंदरांच्या प्रयोगात जस्त विषाबरोबर किंवा विषाच्या आधी दिलेलं असतं, आणि मोजून दिलेलं असतं. मावळातला माणूस आधी महिनाभर पुडी खातो, मग गोळी शोधतो. हाडांत जाऊन बसलेलं शिसं झिंकच्या गोळीनं बाहेर येत नाही. ते रक्तातून काढायचं झालं तर डॉक्टर रुग्णालयात वेगळी औषधं देतात, तीही पातळी फार वाढलेली असेल तरच. आणि एका हातानं विष, दुसऱ्या हातानं ढाल, असं चालू राहिलं तर विषच जिंकतं.

ढालीचंही माप असतं. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला १७ मिलिग्रॅम जस्त पुरतं आणि ४० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. महिनोन्‌महिने जास्त घेतलं तर शरीरातलं तांबं घटतं, रक्त कमी होतं, पायांच्या नसा बधिर होतात. सेलेनियमचं तर त्याहून नाजूक आहे; ते मिलिग्रॅममध्येही नाही, मायक्रोग्रॅममध्ये मोजतात.

जास्त सेलेनियम काय करतं, ते महाराष्ट्रानं नुकतंच पाहिलं. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्याच्या गावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत मुठीमुठीनं गळू लागले. विंचूदंशावरच्या कामामुळे जगभर माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपास केला. रेशनच्या गव्हात, आणि मग लोकांच्या रक्तात, लघवीत, केसांत सेलेनियम कैक पटींनी वाढलेलं आढळल्याचं त्यांनी मांडलं. आणि त्याच रक्तात जस्त कमी होतं. जे मूलद्रव्य ढाल होतं, तेच माप सोडलं की वार करतं, हे सांगायला बुलढाण्याहून ठळक उदाहरण सापडणार नाही.

विष फक्त तंबूत नाही

पुडी घेणं सोडलं म्हणजे सुटलो, असंही नाही. आपल्या तालुक्यात शिसं-कॅडमियम अंगात जाण्याच्या आणखी काही वाटा आहेत, आणि त्या रोजच्या आहेत.

विडी-सिगारेट ही पहिली. तंबाखूचं झाड जमिनीतलं कॅडमियम पानांत साठवतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाच्या अंगात जे कॅडमियम जातं, त्यात धुराचा वाटा मोठा असतो. ‘टेन्शनला’ ओढलेली सिगारेट ताठरतेच्या मुळावर दोनदा घाव घालते: निकोटीननं रक्तवाहिनी आवळून, आणि कॅडमियमनं अस्तर खराब करून.

दुसरी वाट कामाची. तळेगाव, नवलाख उंबरे, टाकवे, पलीकडे चाकण. मावळातल्या किती घरांतली पोरं या पट्ट्यांत शिफ्ट करतात. झाळकाम, सोल्डरिंग, प्लेटिंग, जुन्या बॅटऱ्या फोडणं, भंगार वितळवणं, रंग घासणं या कामांत धातूंची धूळ आणि धूर असतो. लोणावळा-खंडाळ्याच्या जुन्या बंगल्यांचे दरवाजे-खिडक्या घासणाऱ्या रंगाऱ्यांनी तर जास्तच जपावं. घरगुती रंगातलं शिसं दहा लाखांत ९० भागांच्या आत आणण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे थर तुमच्या पॉलिश पेपरखाली धूळ होतात. ही धूळ कपड्यांवर बसून घरी येते आणि बापाच्या कडेवर चढणाऱ्या लेकराच्या तोंडात जाते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार भारतात साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिसं धोक्याच्या पातळीवर आहे. बापाची ताकद आणि लेकराची बुद्धी, दोन्हींचा चोर एकच.

तिसरी वाट घरातली. भांड्यांना कल्हई करताना कथिलात शिसं मिसळलेलं असू शकतं. ओळखीचा, खात्रीचा कल्हईवालाच बोलवा. सुट्टी हळद डोळे दिपतील इतकी पिवळीधमक असेल तर घेऊ नका. बांगलादेशात हळदीला चमक यावी म्हणून शिशाचा रंग घालत असल्याचं उघड झालं आणि तिथल्या सरकारनं मोहीम उघडून दोन वर्षांत ती भेसळ बाजारातून हद्दपार केली. शेंदूर म्हणजे मुळात शिशाचाच लाल ऑक्साइड. मारुतीला जरूर लावा, पण प्रसाद खाण्याआधी हात धुवा.

एक धोका धातूचा नाही, तरी सांगायलाच हवा. ‘एका तासात गुण’ देणाऱ्या जडीबुटीत पुष्कळदा सिल्डेनाफिल हे इंग्रजी औषध गुपचूप मिसळलेलं असतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अशी शेकडो उत्पादनं पकडली आहेत. छातीत दुखतं म्हणून जो माणूस सॉर्बिट्रेट घेतो, त्याच्या पोटात हे मिश्रण गेलं तर रक्तदाब कोसळून तो दगावू शकतो.

ही तक्रार म्हणजे हृदयाची आगाऊ चिठ्ठी

तंबूत गेल्यानं सगळ्यात मोठं नुकसान कोणतं होतं? वेळ जातो. लिंगाच्या रोहिण्या अवघ्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. चोंदायला लागलं की बारीक नळी आधी चोंदते. म्हणून चाळिशीनंतर सुरू झालेली ताठरतेची तक्रार पुष्कळदा हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षं आधी येते. मधुमेही माणसाला तर ती इतरांपेक्षा दहा-पंधरा वर्षं लवकर गाठते. तिच्याकडे लाज म्हणून पाहिलं तर चिठ्ठी न वाचता फाडल्यासारखं होतं. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल या तीन साध्या तपासण्या वेळेवर झाल्या असत्या, तर आज घरात असता असा माणूस आपल्यापैकी पुष्कळांच्या ओळखीत आहे.

आणि लग्न ठरलेल्या पोरांनो, तुमच्या वयात बहुतेकदा नळ्या-रोहिण्यांत काहीच बिघाड नसतो. भीती असते, ऐकीव गोष्टी असतात, मोबाईलवर पाहिलेलं खोटं असतं. त्याला औषध म्हणजे डॉक्टरशी अर्धा तास मोकळं बोलणं. त्यासाठी चाळीस पुड्या लागत नाहीत.

आपल्याच गावचा धडा

लोणावळ्यानं जगाला एक गोष्ट शिकवली आहे, तिची आठवण इथे करून देतो. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी इथे कैवल्यधाम उभं केलं. योगावर त्यांची श्रद्धा कुणापेक्षा कमी नव्हती. तरी ‘परंपरा सांगते’ एवढ्यावर ते थांबले नाहीत. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय होतं, हे त्यांनी क्ष-किरणांनी पाहिलं, दाब यंत्रानं मोजला, आणि मोजलेलं ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात छापलं. परंपरेचा मान राखायचा तर तिला तराजूत ठेवायला भ्यायचं नाही, ही या मातीची शिकवण आहे. जो खानदानी वैद्य आपली पूड तपासायला देत नाही, त्याच्या सात पिढ्यांपेक्षा कुवलयानंदांचा एक दाबमापक मोठा.

म्हणून आमचं मागणं

पुरुषांना:

१. लेबल नसलेली पुडी, खडा, तेल, चाटण आजच बंद करा. लेबल असेल तर त्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी आणि तारखा आहेत का पाहा. विषारी वर्गात मोडणारे घटक असलेल्या आयुर्वेदिक औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ अशा अर्थाचा इशारा इंग्रजी आणि हिंदीत छापणं कायद्यानं बंधनकारक आहे.

२. महिनाभराहून जास्त पुड्या घेतल्या असतील, किंवा त्यांच्या जोडीला पोटात कळा, घट्ट बद्धकोष्ठ, फिकटपणा, हातापायांना मुंग्या, चिडचिड असं काही असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना पुडीबद्दल स्पष्ट सांगा आणि रक्तातल्या शिशाची तपासणी करायची का, ते विचारा. रक्ताच्या डेसिलीटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं आलं, तर ते कुठून येतंय ते शोधून थांबवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आत्ताच जा, कारण रक्तातली पातळी महिनाभरात निम्म्यावर येते आणि शिसं हाडात जाऊन लपतं.

३. विडी-सिगारेट सोडा. कॅडमियमवर याहून स्वस्त उपाय नाही.

४. कामावरचे कपडे कामावरच बदला, जेवणाआधी हात-तोंड साबणानं धुवा, धुळीच्या जागी चहाही पिऊ नका.

घरच्या अन्नपूर्णेला, आणि स्वयंपाकात हात लावणाऱ्या प्रत्येकाला:

ढाल औषधाच्या दुकानात नाही, घरात आहे. मटकी-मूग मोड आणून खा, पीठ आंबवा. भिजवल्यानं, मोड आणल्यानं, आंबवल्यानं ते जस्त अडवणारं फायटेट कमी होतं. आजीची उसळ आणि आंबोळी डॉ. प्रसादांच्या शोधाआधीपासून हे काम करत आली आहे. तीळ, शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया, अंडी, मटण आणि पावसाळ्यातले ओढ्याचे खेकडे यांत जस्त आहे; मासळीत, सुकटीत, अंड्यात सेलेनियम आहे. आपली तिळाची आणि शेंगदाण्याची चिक्की पाहुण्यांनाच देऊ नका, साखर नसलेल्यांनी एखादी वडी स्वतःही खा. लोहाकडेही लक्ष ठेवा, कारण अंगात लोह कमी असलं की आतडं शिसं आणि कॅडमियम जास्त ओढतं. रोज चारीठाव खाणाऱ्याला वेगळ्या गोळीची गरज सहसा पडत नाही. पडलीच तर ती डॉक्टर ठरवतील.

बायकोनं, आईनं हा विषय टोमण्यानं काढू नये, एवढी हात जोडून विनंती. ‘चल, दोघं जाऊ डॉक्टरकडे’ या एका वाक्यानं तंबूचं गिऱ्हाईक कमी होतं.

तालुक्यातल्या वैद्यांना आणि डॉक्टरांना:

रुग्ण साखरेसाठी आला की ताठरतेबद्दल तुम्हीच विचारा. तो आपणहून सांगणार नाही. रक्त कमी आणि पोटात कळा असा रुग्ण आला तर ‘कुठली पुडी घेतली का?’ हा प्रश्न विसरू नका. नोंदणीकृत वैद्यांनी तर या तंबूंविरुद्ध सर्वांत आधी बोलावं. बदनामी तुमच्या शास्त्राची होते आहे.

कारखानदारांना आणि ठेकेदारांना:

१९४८ च्या कारखाने कायद्यानं कळवणं बंधनकारक केलेल्या रोगांच्या यादीत पहिलंच नाव शिशाच्या विषबाधेचं होतं. धूर ओढणारा पंखा, चांगला मास्क, कपडे बदलायला खोली आणि वर्षातून एकदा रक्ततपासणी, हे उपकार नाहीत.

ग्रामपंचायतींना, नगरपरिषदांना आणि जत्रा समित्यांना:

लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानं बंदी आहे. म्हणजे तो तंबूबाहेरचा फलकच बेकायदा आहे, लोकलच्या डब्यात चिकटवलेला कागदही. जत्रेत जागा देताना परवाना मागा. नसेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या पुणे कार्यालयाला लेखी कळवा आणि तक्रारीची पोच जपून ठेवा. २०२५ मध्ये केंद्रीय आयुष मंत्रालयानं अशा तक्रारींसाठी ‘आयुष सुरक्षा’ हे संकेतस्थळही सुरू केलं आहे; गावातल्या कॉलेजच्या पोरांना कळवलंत तर ती मोबाईलवरून दहा मिनिटांत तक्रार टाकतील.

आणि शेवटी पुन्हा त्या माणसाला, ज्याच्या बॅगेत आत्ता पुडी आहे. तुला कुणी हसणार नाही. तुझी तक्रार जुनी आहे, सर्वांची आहे, आणि तिच्यावर उपाय आहेत. उद्या सकाळी दवाखान्यात जाताना ती पुडी बरोबर घे. डॉक्टरांसमोर टेबलावर ठेव आणि एवढंच म्हण: ‘हे मी घेत होतो.’